अश्वशक्तीची मर्यादा : कंपनीचे इंधन आणि हवा-प्रवेश भाग

पेट्रोल इंजिनातून किती अश्वशक्ती निघेल हे शेवटी दोन गोष्टींवर ठरते : दर मिनिटाला त्यात किती हवा जाते आणि त्या हवेला पुरेल एवढे इंधन पोचते का. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. गाडीसोबत कारखान्यातून येणारे एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी (हवेची वाट उघडझाप करणारा भाग), इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या), इंधनपंप आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग), म्हणजेच ‘स्टॉक पार्ट’, मूळ इंजिनाच्या गरजेहून थोडीच जास्त क्षमता ठेवून बनवलेले असतात. मागणी त्यापलीकडे गेली की नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) कितीही चांगला असो, शक्तीचा आकडा तिथेच अडतो.

दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले सिलिंडर भरते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ते ६००० लिटर हवा ओढायला हवे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात प्रत्यक्षात याच्या ८० ते ९० टक्केच भरते. उरलेली हवा फिल्टर, नळ्यांची वळणे, थ्रॉटलची पाकळी आणि व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यात हरवते. मॅनिफोल्डच्या लांब, अरुंद नळ्या कमी वेगावर जोर देतात आणि जास्त वेगावर गळा आवळतात. हा दोष नव्हे. रोजच्या वापरासाठी केलेली ती निवड आहे. स्वच्छ कागदी फिल्टरमुळे होणारे नुकसान मात्र फार थोडे असते, त्यामुळे नुसता फिल्टर बदलून मोठी वाढ मिळत नाही. उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत असेल तर तोटाच होतो, कारण तापमान १० अंशांनी वाढले की हवा सुमारे ३ टक्के विरळ होते.

इंधनाची बाजू अधिक नीट समजून घ्यावी, कारण तिथली चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते. पूर्ण शक्तीसाठी मिश्रण आणखी गडद, म्हणजे इंधन जास्त असलेले, साधारण १२.५ ते १३ पट हवेचे ठेवतात. ६००० फेऱ्यांवर एक चक्र २० मिलिसेकंदांत संपते, म्हणून इंजेक्टरला त्याहून जास्त वेळ उघडे राहताच येत नाही. सुरक्षिततेसाठी ८५ टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे चक्राच्या ८५ टक्के वेळ उघडा इंजेक्टर, ही मर्यादा धरतात. मिनिटाला २४० घन सेंटिमीटर सोडणारे चार इंजेक्टर या हिशेबाने ८१६ घन सेंटिमीटर, म्हणजे तासाला सुमारे ३६ किलो पेट्रोल देतात. दर अश्वशक्तीला तासाला अंदाजे २२५ ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर कमाल १६० अश्वशक्ती. पार्ट विकत घेण्याआधी हे साधे गणित प्रत्येकाने कागदावर मांडावेच.

इंधनाचा दाब वाढवून थोडी भर घालता येते, पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तो दुप्पट करायला दाब चौपट लागेल. शिवाय दाब चढला की पंपाचा प्रवाह घटतो, म्हणून पंपाची क्षमता प्रत्यक्षातल्या दाबावरच तपासतात.

इंधन कमी पडू लागल्याची खूण डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, स्पष्ट दिसते : वरच्या फेऱ्यांवर वाइडबँड सेन्सरचा (धुरावरून हवा-इंधनाचे प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरचा) आकडा १२.५ वरून १३.५, १४ असा चढत जातो. गाडी चालवणाऱ्याला कदाचित काही जाणवणारही नाही, पण आत ज्वलन तापत असते, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय ताबडतोब काढावा. हवेचे वजन मोजणारा सेन्सरही असाच फसवतो : त्याचे व्होल्टेज कमाल पातळीला टेकले की पुढची जादा हवा ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दिसतच नाही आणि इंधन त्या प्रमाणात वाढत नाही.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेची आणि इंधनाची मर्यादा ठरवण्याचे काम व्हेंच्युरीचा (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याचा) व्यास आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) करतात.

हवेची वाट अरुंद असली की शक्ती अडते, हा गुण शर्यतींचे नियम मुद्दाम वापरतात. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या छिद्रातून जावी लागते. छिद्रातला वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की इंजिनाने कितीही ओढले तरी हवा वाढत नाही. जागतिक रॅली स्पर्धेत १९९५ साली टर्बोपुढे ३४ मिलिमीटरच्या छिद्राचे बंधन होते. त्या वर्षीच्या स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या गाड्यांत या छिद्राला वळसा घालून हवा नेणारी रचना सापडली आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली.