बेदाण्याचे खमीर

बेदाण्याचे खमीर : बेदाणे पाण्यात भिजत ठेवून त्यांच्या सालीवर निपचित पडलेले रानटी यीस्ट जागे करणे आणि त्या फसफसत्या पाण्यात पीठ कालवून पाव फुगवण्याजोगे आंबवण घडवणे, ही एक घरगुती पद्धत. बाजारात पुडीत मिळणारे यीस्ट सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या एकाच जातीचे आणि कारखान्यात वाढवलेले असते. घरच्या खमिरात मात्र निरनिराळी यीस्टे आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू एकत्र नांदतात. त्यामुळे असा पाव सावकाश फुगतो, किंचित आंबट लागतो आणि जास्त दिवस टिकतो.

आंबवणे मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवले जाते, कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, दुधाला विरजण लागते. गोव्यातील पाववाले पूर्वी पीठ फुगवण्यासाठी माडी वापरत. दह्याला कालच्या दह्याचा चमचा लागतो; इथे तो पहिला चमचाच नव्याने घडवायचा असतो, एवढाच फरक.

सांगली जिल्ह्यात या पद्धतीचा मुख्य जिन्नस दारातच पिकतो. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस या तालुक्यांत द्राक्षबागा आहेत. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. तरीही इथल्या दुकानातून आणलेला पहिलाच बेदाणा बाटलीत टाकला, तर बहुधा काहीच घडत नाही. याचे कारण बेदाणा करण्याच्या रीतीत आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या हवेच्या महिन्यांत द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून काढतात. त्याने सालीवरचे मेण सैल होऊन आतले पाणी लवकर निघून जाते. मग घड शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. साधारण दोन आठवड्यांत, सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा तयार होतो. हिरवा किंवा सोनेरी रंग टिकावा म्हणून मालाला गंधकाची धुरी देतात. या धुरीतला सल्फर डायऑक्साइड बेदाण्यात मुरून राहतो, आणि वाइन करणारे लोक रानटी यीस्ट दाबून टाकायला नेमका हाच पदार्थ वापरतात. म्हणून सौद्यात देखणा ठरणारा माल खमिरासाठी सर्वांत कमी कामाचा. धुऊन घेतला तरी मुरलेला गंधक पुरता जात नाही.

खमिरासाठी धुरी न दिलेला, उन्हात वाळलेला काळा बेदाणा किंवा काळी मनुका घ्यावी. विकत घेताना वरून तेलाचा हात दिला आहे का, हे विचारून घ्यावे. ओळखीच्या बागायतदाराकडून स्वतःच्या घरी खाण्यासाठी वाळवलेली मूठभर द्राक्षे मिळाली, तर त्याहून चांगले काही नाही. अशा मालात थोडे तडकलेले, वाकडेतिकडे मणी असतात. ते निवडून टाकू नयेत. द्राक्षावरची पांढरट झळाळी म्हणजे यीस्ट, हा समज चुकीचा आहे. ती मेणाची असते. अखंड मण्यावर सॅकरोमायसीस फारच विरळा सापडते, तिथे हॅन्सेनियास्पोरासारखी दुसरी यीस्टे अधिक असतात. साल फुटून रस बाहेर आला आणि त्यावर गांधीलमाशी बसली, की यीस्टची वस्ती झपाट्याने वाढते.

कृती सोपी आहे. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी. तीत 100 ग्रॅम बेदाणे आणि 300 मिलिलिटर पाणी घालावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उकळून गार करून घ्यावे. साखर घालण्याची गरज नाही; बेदाण्यातच वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. झाकण सैल ठेवावे. बरणी दिवसातून दोनदा हलवून, क्षणभर उघडून पुन्हा ठेवावी. झाकण घट्ट लावून विसरलेली बरणी आतल्या वायूने फुटू शकते, इकडे दुर्लक्ष करू नये.

दिवाळी ते संक्रांत या दिवसांत सांगलीच्या घरात 25 अंशांच्या आसपास ऊब असते. तेव्हा काम पाच-सहा दिवसांत होते. बेदाणे आधी तळाशी बसतात, फुगतात, मग वर तरंगू लागतात. पाणी गढूळ होते, कानाशी धरले तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि द्राक्षासवासारखा वास सुटतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकला, की यीस्ट मंदावते आणि आंबटपणा पुढे धावतो. त्या दिवसांत बरणी माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. पृष्ठभागावर हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेले वापरू नये. सगळेच फेकून द्यावे.

गाळलेले पाणी आणि कणीक समान वजनाने कालवावी. मिश्रण दुप्पट फुगले, की त्यातले थोडे घेऊन पुन्हा तितकेच पाणी व पीठ घालावे. असे तीन-चार वेळा केल्यावर, पीठ घातल्यापासून पाच-सहा तासांत दुप्पट होणारे खमीर पावाला योग्य समजावे. कृष्णाकाठी पिकणाऱ्या खपली गव्हाची कणीक खमिराला खाऊ म्हणून उत्तम, पण तिचे ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नाजूक असते. केवळ तिचाच पाव पसरट होतो. निम्मा साधा गहू मिसळल्यास तो उभा राहतो.

रोज पाव करायचा नसेल, तर खमीर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठ-पाणी घालावे. काही आठवड्यांत बेदाण्यावरची मूळ यीस्टे मागे पडतात, आणि पिठातून आलेली, आम्लात तग धरणारी यीस्टे व जीवाणू बरणीचा ताबा घेतात. नाव बेदाण्याचेच राहते, वस्ती मात्र त्या घरच्या पिठाची होते. गाळून उरलेले बेदाणे फिकट आणि बेचव झालेले असतात. ते पहिल्याच पावाच्या कणकेत मळून टाकतात.