लिहिणारा तोच, बसवणारा तोच : सांगलीच्या नाटकवाल्यांची पार्श्वभूमी

स्वतः लिहायचं, स्वतः बसवायचं आणि घर चालावं म्हणून चित्रपट-मालिकांच्या पटकथा करायच्या, अशी आज बऱ्याच प्रायोगिक नाटकवाल्यांची वाटचाल असते. ही नव्या पिढीची तऱ्हा आहे असं बोललं जातं. सांगलीकरांनी तरी त्याचं नवल करू नये, कारण मराठी नाटक इथे उभं राहिलं तेच अशा एकट्याच्या हातून.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करण्याचं काम विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात तो या प्रयोगामुळे. पदं भाव्यांची, सोंगांची मांडणी त्यांची, तालमीही त्यांच्याच. संवाद मात्र कुणी लिहिलेलेच नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. त्यामुळे भाव्यांना नाटककारापेक्षा दिग्दर्शक म्हणणं मला जास्त पटतं.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. मंडळी घेऊन गावोगाव फिरण्यावाचून भाव्यांना गत्यंतर उरलं नाही. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. सांगलीच्या नाटकवाल्याचं ‘स्वतंत्र’ होणं हे असं आहे. त्यात बंडखोरी कमी आणि नाइलाज जास्त. मुंबई गाठण्याची वाटही तेव्हाचीच.

पुढच्यांनी पोटाची सोय वेगळी लावली. शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आधी शिक्षक होते. नंतर त्यांनी नाटकं लिहिली आणि किर्लोस्कर मंडळीच्या तालमीही घेतल्या. त्यांचं १८९९ चं ‘शारदा’ पौराणिक कथा सोडून जरठ-बालाविवाहावर बोललं, आणि इथे संवाद नटाच्या लहरीवर सोडलेला नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरही सांगलीचेच, पण त्यांचं पोट वर्तमानपत्रावर. १९०७ च्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

पटकथेकडे वळणाऱ्यांत सगळ्यांत मोठं नाव आटपाडीच्या माणदेशातलं. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर गीतकार म्हणून घरोघर माहीत आहेत, पटकथाकार म्हणून त्यांची आठवण कमी निघते. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चं लेखन त्यांचं. त्या कथेचं मूळ औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत होतं. कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा तो प्रयोग झाला तो आटपाडीजवळच. धाकटे बंधू व्यंकटेश यांनीही कथा-कादंबऱ्यांसोबत नाटकं आणि पटकथा लिहिल्या.

आता राजाही नाही आणि फिरती कंपनीही नाही. हौशी मंडळींना राज्य नाट्य स्पर्धेचा आणि एकांकिका स्पर्धांचा आधार आहे. लिहिणारा दिवसा शाळेत किंवा बँकेत असतो, तालीम रात्री. स्पर्धेतला प्रयोग गाजला तरी पुढचे प्रयोग स्वतःच्या खिशातून लावावे लागतात, कारण भाडं, नेपथ्य, प्रकाशयोजना हे सगळं तिकिटांतून भरून निघत नाही. मग एखाद्या मालिकेचं काम येतं, एपिसोडमागे पैसे मिळतात, आणि लेखक मुंबईत खोली शोधतो. नवीन संहिता तोवर अर्धवट पडून राहते.