टेम्पलर आणि हॉस्पिटलर: दोघंही क्रॉसवाले नाइट, मग फरक काय?

क्रुसेडवरची, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिश्चनांनी मुसलमानांशी केलेल्या धर्मयुद्धांवरची पुस्तकं वाचायला घेतली की पहिल्या पन्नास पानांतच हा गोंधळ सुरू होतो. टेम्पलर कोण आणि हॉस्पिटलर कोण? दोघंही नाइट, दोघांनीही ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालनाच्या शपथा घेतलेल्या, दोघांच्या अंगावर क्रॉस, दोघांचा प्रमुख म्हणजे मास्टर, दोघंही पोप सोडून कुणालाच जुमानत नाहीत, आणि दोघांचे किल्लेही त्याच जेरुसलेम, आक्रे, त्रिपोलीच्या पट्ट्यात. मी एकदा माल्टाच्या १५६५ च्या वेढ्यावरचं पुस्तक घेतलं, आत सगळी गोष्ट हॉस्पिटलरांची आणि कव्हरवर मात्र पांढऱ्या झग्यावर लाल क्रॉस लावलेला नाइट, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच बरखास्त झालेल्या संघटनेचा माणूस! तेव्हापासून मी हे दोघं वेगळे करून सांगायची एकही संधी सोडत नाही, कारण फरक नुसता कपड्यांचा नाहीये, तो कळला की पुढचा सगळा इतिहास वेगळा दिसायला लागतो.

तरी कपड्यांपासूनच सुरू करू, ओळखायला तेच सोपं. टेम्पलर नाइट म्हणजे पांढरा झगा, त्यावर लाल क्रॉस. हॉस्पिटलर म्हणजे काळा झगा, त्यावर पांढरा क्रॉस. एवढंच असतं तर प्रश्नच नव्हता, पण १२५९ मध्ये पोपने हॉस्पिटलरांना लढाईत चिलखतावर लाल अंगरखा घालायची परवानगी दिली, त्यावर पांढरा क्रॉस. म्हणजे एकाचं पांढऱ्यावर लाल आणि दुसऱ्याचं लालवर पांढरं, आता सांगा गोंधळ होणार नाही तर काय. त्यात टेम्पलरांमधले सगळेच नाइट नव्हते, खालच्या दर्जाचे घोडेस्वार म्हणजे सार्जंट, त्यांना पांढरा झगा घालता यायचा नाही, ते काळ्या किंवा तपकिरी कपड्यांत असायचे, त्यामुळे चित्रात काळे कपडे दिसले की लगेच हॉस्पिटलर असं ठरवू नका. (पांढऱ्यावर काळा क्रॉस दिसला तर तो तिसराच, जर्मन लोकांचा ट्यूटॉनिक नाइट. त्याचा विषय वेगळा.)

खरा फरक सुरुवातीत आहे.

हॉस्पिटलर आधी आले, आणि आले ते तलवार घेऊन नाही. साधारण १०७० च्या सुमारास, म्हणजे पहिल्या क्रुसेडच्याही आधी, इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी एक जागा उभी केली. त्या काळात हॉस्पिटल म्हणजे आजचं हॉस्पिटल नाही, आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा असते ना, तशी धर्मशाळा अधिक दवाखाना अधिक अन्नछत्र असं सगळं एकत्र. ते चालवणारा जेरार्ड नावाचा माणूस. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतलं, यात्रेकरूंचा लोंढा वाढला, ठिकठिकाणच्या राजेसरदारांनी या दवाखान्याला जमिनी इनाम द्यायला सुरुवात केली, आणि १११३ मध्ये पोपने त्याला स्वतंत्र धार्मिक संघ म्हणून मान्यता दिली. तोपर्यंत या लोकांचं काम म्हणजे अंथरुणं घालणं, जेवण वाढणं, मेलेल्यांना पुरणं.

टेम्पलरांचं उलट. ते सुरुवातीपासून लढवय्येच. १११९ च्या आसपास ह्यू द पेयाँ नावाच्या फ्रेंच नाइटने थोडे साथीदार गोळा करून शपथ घेतली की यात्रेकरूंच्या वाटा आम्ही राखू, कारण किनाऱ्यापासून जेरुसलेमपर्यंतच्या रस्त्यावर लूटमार आणि खून रोजचे होते. राजा दुसऱ्या बाल्डविनने त्यांना राहायला अल-अक्सा मशिदीत जागा दिली, क्रुसेडर लोक त्या वास्तूला सॉलोमनचं मंदिर समजायचे, म्हणून मंदिरवाले, टेम्पलर. ११२९ मध्ये फ्रान्समध्ये त्र्वा गावी धर्मसभा भरली तिथे त्यांची नियमावली ठरली आणि क्लेअरवोचा बर्नार्ड, जो त्या काळातला फार वजनदार साधू, त्याने त्यांची बाजू उचलून धरली. संन्यासीही आणि सैनिकही ही कल्पना तेव्हा ख्रिस्ती जगात नवीन होती, साधूने रक्त सांडायचं कसं असा खरोखरचा प्रश्न लोकांना पडला होता, बर्नार्डने त्याला उत्तर दिलं आणि मग दानाचा ओघ सुरू झाला.

म्हणजे बघा, एकाचा जन्म खाटेपाशी आणि दुसऱ्याचा वाटेवरच्या पहाऱ्यात. पुढे हॉस्पिटलरांनीही तलवार उचलली, ११३६ मध्ये त्यांच्याकडे बेथगिबेलिनचा किल्ला आला, मग ११४० च्या दशकात सीरियातला क्राक दे शेव्हालिये, तो तर दुहेरी तटबंदीचा असा बेलाग किल्ला की ज्यांना आपले गड-किल्ले बघायची आवड आहे त्यांनी त्याचे फोटो एकदा नक्की बघावेत. बाहेरचा तट पडला तरी आतला तट उंचावरून मारा करत राहणार अशी रचना. १२७१ मध्ये तो इजिप्तचा सुलतान बायबर्सने घेतला. पण लढायला लागले म्हणून त्यांनी दवाखाना सोडला नाही, हे लक्षात ठेवा.

११८२ ची त्यांची नियमावली वाचताना मी अक्षरशः थांबलो होतो. त्यात आजाऱ्यांना "आमचे मालक" म्हटलंय. उपचारासाठी चार वैद्य, जे लघवी बघून रोग ओळखू शकतील आणि औषधं देऊ शकतील, आणि सोबत चार शस्त्रवैद्य. खाटा माणसाला आरामात झोपता येईल एवढ्या लांब-रुंद हव्यात, आणि प्रत्येक खाटेला स्वतःचं पांघरूण, स्वतःच्या चादरी. रात्री संडासला जायचं तर रोग्याला थंडी वाजू नये म्हणून मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, पायात बूट, डोक्याला लोकरीची टोपी. आणि यात्रेला आलेल्या बायका तिथे बाळंत व्हायच्या, त्यांच्या बाळांसाठी वेगळे पाळणे, म्हणजे आईजवळ झोपवून बाळाला इजा व्हायला नको. आठशे वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत, लढणाऱ्या माणसांच्या संघाने हे लिहून ठेवलंय! जेरुसलेम बघून आलेल्या १२ व्या शतकातल्या यात्रेकरूंनी त्या दवाखान्यात हजारावर खाटा असल्याचं लिहिलंय.

आता टेम्पलरांची नियमावली शेजारी ठेवा. तिच्यात घोडे आहेत. प्रत्येक नाइटला तीन घोडे आणि एक स्क्वायर, म्हणजे हत्यारं-घोडे सांभाळणारा पोऱ्या. टोकदार बूट नकोत, लगामाला सोनं-चांदी नको. शिकार बंद, अपवाद फक्त सिंहाचा. कुठल्याही बाईचं चुंबन घ्यायचं नाही, त्यात आई आणि बहीणसुद्धा आली. आणि सगळ्यात कडक नियम रांगेचा, हुकूम नसताना रांग सोडून हल्ला केला तर झगा काढून घ्यायचे, म्हणजे इज्जतच गेली. त्यांचा काळा-पांढरा झेंडा उभा आहे तोपर्यंत मैदान सोडायचं नाही. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे, नियम सांगतो की गर्दीत आपला झेंडा सापडेना झाला तर हॉस्पिटलरांच्या झेंड्याकडे जा. म्हणजे एरवी दोघांचं कितीही वाजो, मरणाच्या क्षणी कुठे जायचं ते टेम्पलरांनी लेखी ठरवून ठेवलं होतं.

आणि वाजायचं, भरपूर वाजायचं. १२५६ पासून आक्रे शहरात व्हेनिस आणि जेनोआच्या व्यापाऱ्यांची मारामारी पेटली, तिचं युद्धच झालं, त्यात टेम्पलर व्हेनिसकडून आणि हॉस्पिटलर जेनोआकडून. ज्या पुस्तकात दोघांना एकाच दमात "धर्मयोद्धे" म्हणून मोकळं होतात तिथे हे प्रकरण वाचणाऱ्याला कळतच नाही की एकाच बाजूचे लोक एकमेकांना का मारतायत.

लढाईतला दोघांचा स्वभाव बघायचा असेल तर ७ सप्टेंबर ११९१ ची आर्सुफची लढाई वाचा. इंग्लंडचा रिचर्ड राजा सैन्य घेऊन समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाफाकडे निघालाय, उजवीकडे समुद्र, डावीकडून मुस्लिम सुलतान सलाउद्दीनचे घोडेस्वार बाणांचा पाऊस पाडतायत. सगळ्यात पुढे टेम्पलर, सगळ्यात मागे हॉस्पिटलर, कारण पुढची आणि मागची जागा सगळ्यात धोक्याची आणि तिथे भरवशाचीच माणसं लागतात. पिछाडीचं पायदळ शत्रूकडे तोंड करून उलट्या पावली चालतंय, हॉस्पिटलरांचे घोडे एकामागून एक पडतायत, आणि घोडा गेला की नाइट संपला. त्यांचा मास्टर गार्निये द नाब्लुस स्वतः राजाकडे गेला की आता तरी हल्ल्याची परवानगी द्या, रिचर्ड म्हणाला थांबा. शेवटी राहवलं नाही, हॉस्पिटलरांचा मार्शल, म्हणजे सेनापती, आणि अजून एक नाइट रांग फोडून शत्रूवर तुटून पडले, त्यांच्या मागे सगळेच सुटले, आणि मग रिचर्डला संपूर्ण सैन्याला हल्ल्याचा हुकूम द्यावा लागला. जिंकले ते. पण दवाखानेवाले म्हणजे मवाळ असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते इथे निघून जातं. सलाउद्दीनच्याही डोक्यात नव्हतं, चार वर्षांपूर्वी हत्तीनच्या लढाईनंतर त्याने पकडलेल्या दोन्ही संघांच्या दोनशेवर लोकांची डोकी उडवली होती, टेम्पलर-हॉस्पिटलर असा भेद न करता.

पैशाच्या बाबतीत मात्र वेगळे. दोघांनाही युरोपभर इनामं होती, दोघंही जमीनदार, पण टेम्पलरांनी त्यातून सावकारी उभी केली. एका ठिकाणी पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि दुसरीकडे पैसे उचलायचे, आपली हुंडी असायची तोच प्रकार. फ्रान्सच्या राजाचा खजिनाच पॅरिसमधल्या टेम्पलरांच्या वाड्यात असायचा. राजे त्यांच्याकडून कर्ज घ्यायचे. आणि तेच नडलं.

१२९१ मध्ये क्रुसेडरांचं शेवटचं मोठं शहर आक्रे पडलं. टेम्पलरांचा मास्टर गियोम द बोज्यू तिथेच मारला गेला, हॉस्पिटलरांचा मास्टर जखमी होऊन बोटीने सायप्रसला गेला. पवित्र भूमीच गेली, आता या दोघांनी करायचं काय? हॉस्पिटलरांकडे उत्तर होतं, आजारी माणसं सगळीकडे असतात, आणि शिवाय त्यांनी चटकन १३०६ पासून ऱ्होड्स बेट घ्यायला सुरुवात केली, काही वर्षांत ते स्वतःच्या भूमीचे मालक झाले, आरमार उभारलं. टेम्पलरांकडे वाटा राखायला वाटाच उरल्या नाहीत, उरला तो पैसा, आणि तो कर्जात बुडालेल्या राजाच्या डोळ्यांसमोर. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७, फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने एकाच पहाटे देशभरातले टेम्पलर पकडले, पाखंडाचे आरोप ठेवले, हालहाल करून कबुल्या घेतल्या. १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला, १३१४ मध्ये शेवटचा मास्टर जाक द मोले पॅरिसला सीन नदीतल्या बेटावर जिवंत जाळला गेला. आणि त्यांची मालमत्ता पोपने कुणाला दिली? हॉस्पिटलरांना. त्यामुळे युरोपात कित्येक जुन्या जागा आधी टेम्पलरांच्या आणि मग हॉस्पिटलरांच्या, गाइडने सांगितलेलं आणि पुस्तकातलं जुळत नाही ते बऱ्याचदा यामुळेच.

पोर्तुगालने मात्र वेगळं केलं. तिथल्या राजाने, दिनिशने, १३१९ मध्ये टेम्पलरांची मालमत्ता घेऊन ऑर्डर ऑफ क्राइस्ट नावाचा नवा संघ काढला, मुख्य ठाणं पुढे तोमारचा तोच टेम्पलरांचा किल्ला. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर दिसतो तो लाल क्रॉस या संघाचा. म्हणजे १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांची जी चित्रं आपण लहानपणापासून बघतो त्यातल्या शिडांवरचा क्रॉस टेम्पलरांच्या वारसदारांचा आहे.

हॉस्पिटलर मात्र संपलेच नाहीत. १५२२ च्या शेवटी ऑटोमन तुर्कांचा सुलतान सुलेमानने ऱ्होड्स घेतलं, मग सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये त्यांना माल्टा दिलं, भाडं म्हणून वर्षाला एक ससाणा. १५६५ चा मोठा वेढा त्यांनी परतवला, १७९८ मध्ये नेपोलियनने त्यांना तिथूनही काढलं. आज त्यांचं मुख्यालय रोमला आहे, स्वतःचा देश नाही तरी स्वतःचे पासपोर्ट आहेत, आणि काम परत तेच, दवाखाने आणि मदतकार्य.

माझ्या बाबांनी फॅक्टरीत असताना सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा फर्स्ट एडचा कोर्स केला होता, ते सर्टिफिकेट अजून आमच्या कपाटात आहे. ही संस्था १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये निघाली, तिची मूळ ब्रिटिश संघटना रोमच्या संघाहून वेगळी, १९ व्या शतकात नव्याने उभी केलेली, पण नाव आणि खूण हॉस्पिटलरांचीच, कारण त्यांचा संघही सेंट जॉनच्याच नावाचा. ती माल्टाची पुस्तकं वाचून झाल्यावर मी ते सर्टिफिकेट काढून बघितलं, वर आठ टोकांचा क्रॉस आहे, चार हात आणि प्रत्येकाच्या टोकाला खाच. बाबांना विचारलं हे काय आहे माहितीये का, ते म्हणाले बँडेज बांधायला शिकवलं होतं त्यांनी, डोक्याचं सगळ्यात अवघड, आणि लगेच टॉवेल घेऊन माझ्या डोक्याला बांधून दाखवलं.