बोरगडचे राखीव रान : पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या उत्तरेला, रामशेज किल्ल्याच्या शेजारी असलेला बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. राज्यातील हे अशा प्रकारचे पहिले क्षेत्र. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे हे रान राखण्यासाठी वनविभाग, नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था आणि स्थानिक ग्रामस्थ यांनी हातमिळवणी केली.

गावाने रान राखणे सह्याद्रीला नवे नाही. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही आणि वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अशा देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. मात्र १८७८च्या वन कायद्याने राखीव वने सरकारच्या ताब्यात गेली आणि गावांचे वहिवाटीचे हक्क सवलती होऊन बसले. १९२७च्या कायद्यात ‘ग्रामवना’ची तरतूद होती, पण ती फारशी वापरली गेली नाही.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्यावर उभा होता. वस्त्या, शेते आणि गुरचराई यांनी वेढलेल्या लहान रानांना ही चौकट बसत नव्हती. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात; त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटून, पालापाचोळा व शेणासह वाफ्यावर पसरून पावसाआधी पेटवतात. ज्यांची शेती अशी रानावर अवलंबून आहे, त्यांना विश्वासात न घेता केलेली कुऱ्हाडबंदी किंवा चराईबंदी कागदावरच राहणार, हे उघड आहे.

२००२च्या दुरुस्तीने ही उणीव काही अंशी भरून काढली. सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून, ‘संवर्धन राखीव’ घोषित करता येऊ लागले. खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी, मालकांच्या स्वेच्छेने, ‘समुदाय राखीव’ हा पर्याय आला. बोरगडपाठोपाठ जिल्ह्यात येवला तालुक्यातील ममदापूर हे काळविटांसाठी, तर कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींचे माहेर असलेले अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव झाले.

या दोन प्रकारांतील महत्त्वाचा भेद अनेकदा नजरेआड होतो. समुदाय राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीने, ती नसेल तेथे ग्रामसभेने, नेमलेले प्रतिनिधी असतात आणि रानाचे संवर्धन, देखभाल व व्यवस्थापन यांची जबाबदारी कायदा त्या समितीवरच टाकतो. संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीतही ग्रामपंचायतींना जागा आहे, परंतु तिचे काम मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देणे एवढेच आहे. बोरगड, ममदापूर आणि अंजनेरी ही तिन्ही क्षेत्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे उन्हाळ्यात वणवा विझवायला सर्वांत आधी धावणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती निर्णयाचा कायदेशीर अधिकार मात्र अद्याप आलेला नाही.