"कुठे पुट अप आहेस?" हा प्रश्न आला कुठून

"सध्या कुठे पुट अप आहेस?" नवीन नोकरी लागली, शहर बदललं की हा प्रश्न आलाच. आपण तो हॉस्टेलपासून स्वतःच्या फ्लॅटपर्यंत सगळ्याला लावतो, पण इंग्रजीत पुट अप म्हणजे चार दिवसांची सोय. वीस वर्षं एकाच घरात राहणारा "आय ॲम पुट अप ॲट..." म्हणाला की बाहेरच्या देशातल्या माणसाला वाटतं हा कोणाकडे तरी पाहुणा म्हणून राहिलाय.

पुट अपचा एक जुना अर्थ आहे आवरून जागेवर ठेवणं. रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये मारामारी सोडवायला आलेला बेनव्होलिओ "पुट अप युअर स्वोर्ड्स" म्हणतो, म्हणजे तलवारी उपसा नाही तर म्यान करा! घोड्याचंही तेच, खोगीर काढून, दाणापाणी देऊन रात्रीपुरता पागेत बांधला की घोडा पुट अप झाला. आणि घोडा वाटेवरच्या एखाद्या सराईत बांधला की त्याचा मालकही तिथेच झोपणार ना, मग माणसालाही तोच शब्द. पुढे 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, हळूहळू घोडागाड्यांच्या सराया ओस पडल्या पण शब्द टिकला.

आता वापर दोन तऱ्हेचा. आपण स्वतः हॉटेलात पुट अप करतो, किंवा कोणीतरी आपल्याला पुट अप करतं, "कॅन यू पुट मी अप फॉर द नाइट?" म्हणजे आजची रात्र तुझ्याकडे काढू का. आपलं "मी पुट अप आहे" हे मला या दुसऱ्यातूनच आलेलं वाटतं, फक्त ठेवून घेणारा यजमान मधून गळालाय. म्हणून त्याला अडाणीपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही, पण इंटरव्ह्यूत कायमच्या घराबद्दल सांगताना सरळ "आय लिव्ह इन" म्हणावं आणि तात्पुरतं असेल तर "आय ॲम स्टेइंग विथ माय कझिन". आणि मागे विथ लागलं तर मामलाच वेगळा, पुट अप विथ म्हणजे सहन करणं.

क्रियापदाला अप, विथ असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या असल्या जोडक्रियापदांनी परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो हे इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, तेव्हा गोंधळ उडाला तर लाज वाटायचं काही कारण नाही. त्यांना फ्रेझल व्हर्ब हे नाव तर त्याच्याही कितीतरी नंतर, 1925 मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून रुळलं.

आणि आपली मराठी बघा, "कुठे उतरलात?" असंच विचारतो ना आपण, त्यातही वाहनावरून खाली उतरणंच आहे. मुक्काम हा अरबीतून आलेला शब्द, प्रवासात थांबायची जागा. तरी पिढ्यानपिढ्या ज्या गावात घर आहे त्या गावाचा पत्ता लिहितानाही आपण आधी मु. पो. लिहितो, मुक्काम पोस्ट.