पाच ग्रॅम मीठ: हा आकडा आला कुठून?

बीपीची पहिली गोळी लिहून देताना डॉक्टर हमखास सांगतात, "लोणचं-पापड बंद, वरून मीठ घ्यायचं नाही." जागतिक आरोग्य संघटना हेच आकड्यात सांगते: मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात भाजी, आमटी, चटणी, फरसाण सगळं आलं. या आकड्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे.

1904 साली पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या डॉक्टरांनी रुग्णांचं मीठ कमी-जास्त करून पाहिलं. मीठ घटलं की रक्तदाब उतरायचा. पण हा विषय खऱ्या अर्थाने पेटला तो 1940च्या दशकात, वॉल्टर केम्पनर यांच्यामुळे. नाझी जर्मनीतून अमेरिकेत आलेले केम्पनर ड्यूक विद्यापीठात काम करत. फार चढलेल्या रक्तदाबावर तेव्हा धड औषधच नव्हतं. असे रुग्ण बहुधा वाचत नसत. केम्पनर यांनी त्यांना बिनमिठाचा भात, फळं, रस आणि साखर एवढ्यावर महिनोन्‌महिने ठेवलं. अनेकांचा रक्तदाब उतरला, वाढलेलं हृदय लहान झाल्याचं एक्स-रेत दिसलं, डोळ्यांच्या पडद्यावरची सूज ओसरली. आक्षेपही रास्त होता: या आहारात प्रथिनं आणि चरबीही नावालाच होती, वजनही घटत होतं. मग श्रेय मिठाच्या पथ्याला कसं द्यायचं? शिवाय असा आळणी भात जन्मभर कोण खाणार? 1950च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइड आलं, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी गोळी. त्या जातीच्या गोळ्या आजही बीपीवर दिल्या जातात. मला तर हाही मिठाविरुद्धचा बोलका पुरावा वाटतो.

पुढचं नाव लुईस डाल यांचं. त्यांनी 1960 साली पाच लोकसमूहांची तुलना मांडली. अलास्कातले एस्किमो दिवसाला जेमतेम 4 ग्रॅम मीठ खात आणि त्यांच्यात उच्च रक्तदाब विरळा. उत्तर जपानच्या अकितात हेच प्रमाण 26 ग्रॅमच्या आसपास; तिथे उच्च रक्तदाब सर्रास. मात्र डाल यांच्या उंदरांनी सांगितलेली गोष्ट जास्त मोलाची आहे. खारट खाद्यावर काही उंदरांचा रक्तदाब भराभर चढला, काहींचा ढिम्म हलला नाही, आणि हा फरक पिढ्यांमधून उतरत गेला. "आमचे आजोबा मूठभर मीठ खायचे, त्यांना काही झालं नाही" याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

1977 साली अमेरिकी सिनेटच्या मॅकगव्हर्न समितीने आधी 3 ग्रॅम सांगितले आणि त्याच वर्षी सुधारून 5 केले. 1988च्या इंटरसॉल्ट पाहणीत 32 देशांतली दहा हजारांवर माणसं होती. आपल्याकडची दिल्ली आणि लडाख ही केंद्रंही. जास्त मीठ खाणाऱ्या समाजांत वयाबरोबर रक्तदाब अधिक चढतो, असं त्यात दिसलं. तरी विरोधक नमले नाहीत. 2001 साली डॅश-सोडियम प्रयोगात 412 जणांना मोजून जेवण दिलं गेलं. मीठ दोन पायऱ्यांनी उतरवलं आणि दोन्ही वेळा रक्तदाब उतरला. मिठामुळे रक्तदाब वाढतो का, हा प्रश्न माझ्या लेखी तिथेच संपला. फार कमी मीठही घातक असतं का, यावर भांडण सुरू आहे. 2014च्या प्युअर अभ्यासाने तसं सुचवलं. पण त्यात सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून दिवसभराच्या मिठाचा अंदाज बांधला होता. एवढ्या कच्च्या मोजमापावर मी विसंबणार नाही.

2012 साली जागतिक आरोग्य संघटनेने 2 ग्रॅम सोडियम, म्हणजेच 5 ग्रॅम मीठ, ही मर्यादा ठेवली. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्याला यातून सूट नाही.

पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ ब्रेड आणि तयार पदार्थांतून येतं, म्हणून ब्रिटनने कंपन्यांना ते उतरवायला लावलं. आपलं बरंचसं मीठ मात्र घरच्या पातेल्यात पडतं. म्हणूनच चीनच्या 600 खेड्यांतला प्रयोग आपल्या जवळचा. तिथे घरात पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. पाचेक वर्षांनी, 2021 साली निकाल आला: पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं घेणाऱ्यांनी मात्र असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम चढलं तर हृदयाची लय बिघडू शकते.