मीड, फळांचे व मसाल्यांचे (घरगुती)

मध पाण्यात विरघळवून यीस्टच्या साहाय्याने आंबवलेल्या मद्याला मीड म्हणतात. आंबवण्याच्या काळात किंवा त्यानंतर त्यात फळे, मसाले, फुले अथवा मुळे घालून चव आणि सुगंध घडवला, की ते स्वादयुक्त मीड होते. फळांच्या मीडला मेलोमेल, मसाल्यांच्या मीडला मेथेग्लिन, सफरचंदाच्या रसातील मीडला सायझर आणि द्राक्षरसातील मीडला पायमेंट अशी नावे रूढ आहेत. मधाचे आंबवलेले पेय फार जुने आहे. चीनमधील जियाहू येथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत तांदूळ, मध आणि फळ यांच्या मिश्र पेयाचे अवशेष सापडले आहेत. इथिओपियात गेशो या झुडपाच्या पानांनी व काड्यांनी कडवट केलेले तेज आजही घरोघरी होते. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांमध्ये मध किंवा गूळ घातलेला काढा धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवतात. त्यांचा हेतू औषधाचा असला, तरी घडणारी क्रिया हीच असते.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी मीड करण्यास कायद्याने मुभा असल्यामुळे तिथे हा मोठा छंद झाला आहे. आपल्याकडे, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई परिसरात, स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि स्वतःपुरते, थोडेसे, घरच्या घरी केले हा त्यावरचा बचाव ठरत नाही. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतात. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना ही परवानाधारक मीड-उत्पादकांची उदाहरणे असून या परिसरातील जिज्ञासूने चवीची ओळख तिथूनच करून घ्यावी, हे योग्य. पुढील विवेचन प्रक्रिया समजावी एवढ्यासाठी आहे. मात्र मध, फळे आणि हवामान यांचा विचार इथल्याच भूमीवर केला आहे, कारण स्वादयुक्त मीडची गुणवत्ता या तिन्हींवरच ठरते.

मधात सुमारे १७ ते १८ टक्के पाणी आणि बाकी बहुतांश साखर, मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज, असते. पाणी इतके कमी असल्यामुळे मध आपणहून आंबत नाही. परंतु तो हवेतील ओल शोषून घेतो. पावसाळ्यात झाकण नीट न लावलेली बरणी काही आठवड्यांनी फसफसू लागते, तिचे कारण हेच. मीडसाठी मध पातळ करणे म्हणजे ही नैसर्गिक राखण मुद्दाम उठवणे होय. महाबळेश्वर परिसरातील सातेरी मधमाश्यांच्या मधात जांभूळ, हिरडा, गेळा अशा फुलोऱ्यांनुसार चव बदलते. कारवीचा मध दुर्मिळ, कारण ही वनस्पती काही वर्षांच्या अंतराने एकदाच सामूहिक फुलते. ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर ती २०१६ नंतर २०२४ मध्ये बहरली होती. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० मध्ये बाजारातील अनेक मधांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे दाखवून दिले. असा मध आंबतो, मद्यार्कही तयार होतो, पण पेयात मधाचा गंध उरत नाही, आणि मग फळे व मसाले कितीही घातले तरी ती उणीव झाकली जात नाही. मध उकळू नये. उकळल्याने हाच गंध वाफेबरोबर निघून जातो.

एक किलो मध पाण्यात विरघळवून एकूण चार लिटर मिश्रण केले, तर त्याचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) सुमारे १.०७३ भरते आणि सर्व साखर आंबल्यास नऊ ते दहा टक्के मद्यार्क तयार होतो. दीड किलो मधापासून हेच प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन फळांतील फिनॉल द्रव्यांशी संयोग पावून औषधासारखा वास आणते, म्हणून पाणी उकळून निववून घेतात. यीस्टच्या वाढीला लागणाऱ्या नत्राचा (नायट्रोजनचा) अंश मधात फारच कमी असतो. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यासारखा वास सोडते किंवा मध्येच थांबते. त्यामुळे यीस्टचे पोषक द्रव्य पहिल्या काही दिवसांत थोडे थोडे विभागून देणे ही आधुनिक मीडनिर्मितीतील सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल.

आपल्या किनाऱ्यावर खरी कसोटी तापमानाची आहे. आंबताना उष्णता निर्माण होते, म्हणून भांड्यातील द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतो. मे महिन्यात ठाण्यातील बंद खोलीचे तापमान तीस अंश सेल्सिअसच्या वर असताना यीस्ट घाईने काम करते आणि जड अल्कोहोले निर्माण होऊन पेयाला थिनरसारखा जळजळीत वास येतो, जो मुरवल्यानंतरही पुरता जात नाही. डी-४७ या लोकप्रिय यीस्टला वीस अंशांखालील तापमान लागते, त्यामुळे वातानुकूलनाशिवाय ते इथे गैरलागू ठरते. ७१बी आणि ईसी-१११८ हे प्रकार तीस अंशांपर्यंत तग धरतात. ओले कापड गुंडाळून भांडे गार ठेवण्याची युक्ती देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात गुण देते, पण खाडीकाठच्या दमट हवेत पाणी फारसे उडतच नाही. पाण्याच्या टबात भांडे ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहणे किंवा मुळातच डिसेंबर-जानेवारीचा काळ निवडणे हेच इथे शहाणपणाचे.

फळांच्या बाबतीत हा परिसर अत्यंत समृद्ध आहे. वाशीच्या घाऊक बाजारात मार्चपासून मेपर्यंत हापूसची मोठी आवक असते, बदलापूर आणि पालघरमधील बहाडोलीची जांभळे प्रसिद्ध आहेत, आणि कोकम तर कोकणी घरात असतेच. जांभूळ मीडसाठी उत्तम होय. त्याचा जांभळा रंग टिकतो, तुरटपणामुळे पेयाला भरीवपणा येतो, आणि त्यातील आम्ल मुख्यतः मॅलिक असल्याने त्याचा काही भाग पचवणारे ७१बी यीस्ट त्याला विशेष मानवते. कोकमाची निवड मात्र सावधपणे करावी लागते. बाजारातील आगळात (कोकमाच्या रसात) भरपूर मीठ असते आणि खारट द्रवात यीस्ट नीट वाढत नाही, म्हणून बिनमिठाची आमसुले किंवा ताज्या रातांब्याची (कोकमाच्या फळाची) सालेच चालतात. ती आंबटही इतकी, की सुरुवातीलाच घातली तर द्रवाची आम्लता वाढून आंबणे अडते. हापूसची गोष्ट निराळी आहे. त्याची गोडी यीस्ट खाऊन टाकते आणि नाजूक सुगंध कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर निघून जातो. म्हणून मुख्य आंबवण झाल्यावर, दर लिटरला दोनशे ते तीनशे ग्रॅम गर दुसऱ्या टप्प्यात घालणे चांगले. गरातील पेक्टिनमुळे मीड गढूळ राहते. त्यावर पेक्टिनेज हे विकर (एन्झाइम) वापरतात.

मसाले घालताना हात आखडता घ्यावा. मद्यार्क त्यांचा अर्क वेगाने ओढतो आणि लवंग किंवा जायफळ एकदा वरचढ झाले, की ते काढून घेता येत नाही. मसाल्यांची पुरचुंडी द्रवात सोडून रोज चव घेणे आणि योग्य क्षणी ती उचलणे एवढेच त्यातले कौशल्य आहे. आले आणि वेलदोडा तुलनेने सोसवतात.

विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे वाचन आठवड्याच्या अंतराने दोनदा सारखे आले, तरच आंबवण थांबली असे मानतात; एअरलॉकमधील (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतील) बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. त्याआधी बाटली बंद केली, किंवा गोडीसाठी नंतर मध घालून पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट यांनी यीस्टची वाढ रोखली नाही, तर वायूचा दाब वाढून काच फुटते आणि माणसे जखमी होऊ शकतात. विषबाधेची भीती मात्र वेगळ्या कारणाने मनात असते. मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात २०१५ साली शंभराहून अधिक बळी घेणारी दारू मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेली होती. नुसत्या आंबवण्यातून, फळांच्या पेक्टिनमुळेसुद्धा, मिथेनॉल अत्यल्प निर्माण होते. ऊर्ध्वपातन हा मीडनिर्मितीचा भाग नाही.

तयार मीड गाळ मागे ठेवून नळीने दुसऱ्या भांड्यात काढतात आणि अंधाऱ्या, थंड जागी मुरवतात. हलके, सात-आठ टक्क्यांचे मीड दोन-तीन महिन्यांत पिण्याजोगे होते. चौदा टक्क्यांच्या जांभळाच्या मीडला वर्षभर लागते, कारण त्याचा तुरटपणा त्याआधी जिभेला बोचतो.